क्लाउडमधील डिस्कचा स्नॅपशॉट : आज्ञा, तिचा अर्थ आणि तिच्या मर्यादा

ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीने २००८ सालच्या ऑगस्ट महिन्यात ‘इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर’, संक्षेपाने ईबीएस, ही सेवा सुरू केली. भाड्याने घेतलेल्या संगणकाला भाड्याचीच डिस्क जोडावयाची आणि त्या डिस्कची एखाद्या क्षणीची स्थिती वेगळी जपून ठेवावयाची, हा व्यवहार तेव्हापासून रूढ होत गेला. अशा जपून ठेवलेल्या स्थितीस ‘स्नॅपशॉट’ ही संज्ञा आहे. तिला ‘क्षणचित्र’ हा प्रतिशब्द सहज सुचतो आणि तो चुकीचाही नाही. मात्र छायाचित्रणातून उचललेल्या या नावामुळे दोन गैरसमज बळावले आहेत. एक असा, की कळ दाबताच चित्र पुरे होते. दुसरा असा, की प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण असते व त्याचा मागच्या-पुढच्या चित्रांशी काही संबंध नसतो. प्रत्यक्षात आज्ञा दिल्यावर जे हाती येते, ते यांपैकी कोणत्याही अर्थाने छायाचित्र नव्हे. संशोधनाची वर्षानुवर्षे जमविलेली सामग्री आज अशा डिस्कांवर राहू लागली असल्यामुळे हा भेद केवळ शब्दार्थाचा उरलेला नाही.

स्नॅपशॉट घेण्याचे काम ब्राउझरमधील नियंत्रणपटावर बटणे दाबूनही होते. तरीही अभ्यासकाने कमांड लाइनचा, म्हणजे अक्षरी आज्ञा टंकित करण्याचा, मार्ग स्वीकारावा हे श्रेयस्कर. बटण दाबल्याचा मागमूस दाबणाऱ्याच्या स्मरणाखेरीज फारसा कोठे उरत नाही. आज्ञा मात्र लिहून ठेवता येते, सहकाऱ्याला दाखविता येते, नियोजित वेळी आपोआप चालविता येते, आणि ती सफल झाली की विफल याचे उत्तर एका अंकाच्या रूपाने दुसऱ्या आज्ञेला कळविता येते. या लेखात आज्ञा उच्चारानुसार नागरी लिपीत दिल्या आहेत. यंत्रापुढे त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांतच टंकित करावयाच्या असतात, हे वेगळे सांगावयास नको.

ईबीएसच्या बाबतीत मूळ आज्ञा ‘एडब्ल्यूएस ईसी२ क्रिएट-स्नॅपशॉट’ अशी आहे. तिला ‘व्हॉल्यूम-आयडी’ या पर्यायाने डिस्कचा ओळखक्रमांक द्यावा लागतो. ‘डिस्क्रिप्शन’ या पर्यायाने वर्णन आणि ‘टॅग-स्पेसिफिकेशन्स’ या पर्यायाने खुणा जोडता येतात. वर्णन देणे ऐच्छिक आहे. परंतु सहा महिन्यांनंतर शेकडो ओळखक्रमांकांच्या यादीपुढे बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याला ते ऐच्छिक नव्हते हे उमगते. आज्ञेस ‘ड्राय-रन’ हा पर्याय जोडल्यास प्रत्यक्ष काहीही न करता केवळ अधिकार आहे की नाही एवढेच तपासले जाते. येथे एक गंमत आहे : अधिकार असल्यास यंत्र आनंदाचा संदेश न देता ‘ड्रायरनऑपरेशन’ नावाची त्रुटीच कळविते. नवशिक्या विद्यार्थी ती वाचून खट्टू होतो, वस्तुतः ती यशाची पावती असते.

आज्ञा दिल्यानंतर क्षणार्धात उत्तर येते. त्यात नव्या स्नॅपशॉटचा ओळखक्रमांक असतो, प्रारंभाची वेळ असते, आणि स्थितीच्या रकान्यात ‘पेंडिंग’ हा शब्द असतो. या एका शब्दात बराच अर्थ सामावलेला आहे. डिस्कवर त्या क्षणी जे लिहिले गेले होते, ते आता निश्चित झाले. त्यानंतर डिस्कवर होणारे कोणतेही लेखन या स्नॅपशॉटमध्ये येणार नाही. पण त्या निश्चित झालेल्या मजकुराची प्रत अद्याप पुरी झालेली नाही. ती पार्श्वभूमीवर चालू आहे, आणि मोठ्या डिस्कच्या पहिल्या स्नॅपशॉटला त्यासाठी काही तासही लागू शकतात. दरम्यान डिस्क नेहमीप्रमाणे वापरता येते. तेव्हा उत्तर येताच हाती पडते ती एक हमी होय. प्रत ‘कम्प्लीटेड’ या स्थितीस पोहोचल्यावरच पडते. स्थिती पाहण्यासाठी ‘डिस्क्राइब-स्नॅपशॉट्स’ ही आज्ञा आहे.

पूर्ण होईपर्यंत थांबण्यासाठी ‘वेट स्नॅपशॉट-कम्प्लीटेड’ अशी सोयीस्कर आज्ञा दिलेली आहे. ती दर १५ सेकंदांनी विचारणा करते. ४० वेळा विचारूनही काम पुरे झालेले नसेल, तर २५५ हा विफलतेचा अंक देऊन बाहेर पडते. ४० गुणिले १५ म्हणजे ६०० सेकंद, अर्थात अवघी दहा मिनिटे. दहा मिनिटांत न संपणारा स्नॅपशॉट हा मुळीच दुर्मीळ प्रकार नव्हे. अशा वेळी आज्ञांची मालिका ‘काम फसले’ असे समजून थांबते, कित्येकदा तोच स्नॅपशॉट पुन्हा घेऊ लागते, आणि इकडे मूळ स्नॅपशॉट बिनतक्रार पुरा होत असतो. प्रतीक्षेची ही आज्ञा पुनःपुन्हा चालविण्याची तजवीज मालिकेत करणे हाच यावर साधा उपाय आहे.

आता दुसऱ्या गैरसमजाकडे वळावयाचे. डिस्क ही संगणकाच्या दृष्टीने फाइलींचा संग्रह नसून क्रमांकित ब्लॉकांची रांग असते. पहिल्या स्नॅपशॉटच्या वेळी लेखन झालेले सर्व ब्लॉक साठविले जातात. पुढील स्नॅपशॉटच्या वेळी मधल्या काळात बदललेले ब्लॉक तेवढे साठविले जातात आणि उरलेल्यांसाठी मागील साठ्याकडे निर्देश केला जातो. उदाहरणार्थ, सोमवारी २० गिगाबाइट मजकुराचा पहिला स्नॅपशॉट घेतला. मंगळवारपर्यंत त्यांपैकी ३ गिगाबाइट ब्लॉक बदलले. बुधवारपर्यंत १ गिगाबाइट नवी भर पडली. तीन स्नॅपशॉटांची बेरीज प्रथमदर्शनी २०, २० व २१ मिळून ६१ गिगाबाइट भासते. साठविलेले ब्लॉक मात्र २०, ३ व १ मिळून केवळ २४ गिगाबाइट असतात, आणि आकारणीही त्यांवरच होते.

समजा, आता सोमवारचा स्नॅपशॉट नष्ट केला. जागा किती मोकळी होईल? २० गिगाबाइट, हे उत्तर परीक्षेतच नव्हे तर प्रत्यक्ष कामातही वारंवार ऐकू येते. खरे उत्तर ३ गिगाबाइट हे आहे. सोमवारच्या ब्लॉकांपैकी १७ गिगाबाइट मंगळवार व बुधवार या दोहोंना हवे आहेत, म्हणून ते राहतात. ज्यांची जागा नव्या ब्लॉकांनी घेतली त्या ३ गिगाबाइटांकडे निर्देश करणारे कोणीच उरलेले नाही, म्हणून तेवढेच जातात. शिल्लक राहिलेल्या २१ गिगाबाइटांतून मंगळवार आणि बुधवार हे दोन्ही दिवस जसेच्या तसे उभे करता येतात. साखळीतील पहिली कडी काढल्यास पुढील कड्या निखळतील ही भीती त्यामुळे निराधार ठरते. तसेच जुने स्नॅपशॉट काढून खर्च झपाट्याने उतरेल ही आशाही. ‘साखळी’ हा रूढ शब्दच येथे दिशाभूल करणारा आहे. अनेक वारसांनी सामाईक ठेवलेली मिळकत ही उपमा अधिक जुळते : एक वारस गेला तरी मिळकत मोडत नाही, शेवटचा हक्कदार गेला की मगच तो हिस्सा संपतो.

यापुढील प्रश्न अधिक गहन आहे, आणि पुष्कळशी माहितीपत्रके त्याला एका वाक्यात वाटेला लावतात. डिस्कवर एखाद्या क्षणी जे लिहिलेले असते, ते अर्थपूर्ण असतेच असे नाही. प्रोग्रॅमने फाइल ‘लिहिली’ असे म्हटले, तरी तो मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीतच असतो व सवडीने डिस्कवर उतरतो. स्नॅपशॉट हा डिस्कचा घेतला जातो, स्मृतीचा नव्हे. त्यामुळे त्यातून पुनः उभी केलेली डिस्क ही चालू संगणकाची वीज अकस्मात तोडल्यावर जशी सापडली असती, तशी असते. या गुणास ‘क्रॅश-कन्सिस्टन्सी’ म्हणतात. ‘अपघातसंगती’ म्हटल्यासही चालेल. आधुनिक फाइल-व्यवस्था आणि डेटाबेस असा अपघात गृहीत धरूनच रचलेले असतात. प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी त्याची नोंद एका रोजनाम्यात करावयाची आणि अपघातानंतर तो रोजनामा वाचून अर्धवट कामे तडीस न्यावयाची किंवा मागे घ्यावयाची, हे त्यामागील तत्त्व होय. सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरिज’ या नावाने या पद्धतीची जी सविस्तर मांडणी केली, ती डेटाबेसच्या अभ्यासक्रमात परिचित आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत ग्रंथिकेतही स्नॅपशॉटवरून उभा केलेला सर्व्हर ‘आपण कोसळलो होतो’ असे समजून रोजनामा पुन्हा वाचेल व त्यात काळजीचे कारण नाही, अशा आशयाचा खुलासा आहे. रोजनाम्याच्या फाइली त्याच स्नॅपशॉटमध्ये असल्या पाहिजेत, ही अट मात्र तेथेच घातलेली आहे.

प्रत्येक प्रोग्रॅम एवढा सावध नसतो. प्रयोगशाळेतील मापनयंत्राची माहिती साध्या फाइलीत उतरविणारा, विद्यार्थ्याने दोन दिवसांत लिहिलेला प्रोग्रॅम रोजनामा ठेवीत नाही. तेथे स्नॅपशॉटपूर्वी फाइल-व्यवस्था स्तब्ध करणे आवश्यक ठरते. लिनक्समध्ये त्यासाठी ‘एफएसफ्रीझ’ ही आज्ञा आहे. ‘एफ’ या पर्यायाने ती स्मृतीतील प्रलंबित मजकूर डिस्कवर उतरवून पुढील लेखन रोखून धरते. ‘यू’ या पर्यायाने ते पुन्हा मोकळे करते. फाइल-व्यवस्थेपुरते याने भागते. प्रोग्रॅमने स्वतःपाशीच राखून ठेवलेला मजकूर त्याला स्वतंत्रपणे उतरवावयास सांगावे लागते. मायएसक्यूएल डेटाबेसच्या बाबतीत स्तब्ध करण्यापूर्वी सर्व तक्त्यांवर वाचनाचे कुलूप घालण्याची रीत आहे. अशा सिद्धतेनंतर मिळणाऱ्या स्थितीस ‘ॲप्लिकेशन-कन्सिस्टंट’, म्हणजे प्रोग्रॅमच्या दृष्टीने सुसंगत, म्हणतात.

हे रोखून धरणे किती वेळ चालू ठेवावे? स्नॅपशॉट पूर्ण होईपर्यंत, असे मानून कित्येकजण रात्री तासन्‌तास सेवा बंद ठेवतात. ‘पेंडिंग’चा अर्थ ध्यानात असल्यास याची गरज नाही हे उघड होते : आज्ञेचे उत्तर आले, ओळखक्रमांक मिळाला, की क्षण निश्चित झालेला असतो आणि लेखन मोकळे करण्यास हरकत नसते. सेवा थांबते ती काही सेकंदच. मात्र दोन खबरदाऱ्या हव्यात. मूळ फाइल-व्यवस्था, जिच्यावर स्वतः शेल व त्याच्या नोंदी राहतात, ती स्तब्ध केल्यास मोकळे करण्याची आज्ञा देणाराच अडकून पडण्याचा संभव असतो. म्हणून माहितीची डिस्क वेगळी ठेवून तेवढीच स्तब्ध करावी. आणि स्नॅपशॉटची आज्ञा फसली तरीही मोकळे करण्याची आज्ञा चालेलच, अशी व्यवस्था मालिकेत ‘ट्रॅप’ने करून ठेवावी. ही दुसरी व्यवस्था विसरल्यास स्नॅपशॉट तर मिळत नाहीच, वर चालू सेवाही गोठते.

डिस्का एकाहून अधिक असल्या की प्रश्न आणखी बिकट होतो. डेटाबेसच्या तक्त्यांची डिस्क एक आणि रोजनाम्याची दुसरी, ही मांडणी सर्वत्र आढळते. एकीचा स्नॅपशॉट दोन वाजता व दुसरीचा दोन वाजून तीन सेकंदांनी घेतला, तर दोन्ही चित्रे स्वतंत्रपणे खरी असूनही त्यांची जोडी कधीच अस्तित्वात नव्हती. १९८५ साली के. मणि चंडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी वितरित संगणकव्यवस्थांच्या स्नॅपशॉटवर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात याच अडचणीसाठी आकाशभर उडणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांचा दृष्टान्त आहे : दृश्य इतके विस्तीर्ण की एका छायाचित्रात मावत नाही, अनेक छायाचित्रे जोडावी तर तोवर पक्षी पुढे गेलेले. त्यांनी काढलेला तोडगा संदेशांच्या देवघेवीवर आधारलेला आहे व तो येथे थेट लागू होत नाही; कारण डिस्का परस्परांना संदेश पाठवीत नाहीत. ॲमेझॉनने २०१९ मध्ये आणलेली ‘क्रिएट-स्नॅपशॉट्स’ ही आज्ञा एका संगणकाला जोडलेल्या सर्व डिस्कांचा क्षण एकच धरते. आधीच्या आज्ञेहून तिच्यात शेवटचे अक्षर तेवढे अधिक. परंतु त्या एका अक्षरावर कित्येक डेटाबेसांचे भवितव्य अवलंबून असते. तीही अपघातसंगतीच देते, हे अर्थात विसरता कामा नये.

इतर कंपन्यांच्या आज्ञांत तत्त्वतः भेद थोडा आहे. गूगलकडे ‘जीक्लाउड कम्प्यूट स्नॅपशॉट्स क्रिएट’ अशी आज्ञा असून तिला स्नॅपशॉटचे नाव, ‘सोर्स-डिस्क’ व डिस्कचा झोन द्यावा लागतो. ‘जीक्लाउड कम्प्यूट डिस्क्स स्नॅपशॉट’ ही तिची जुनी भगिनी आहे. येथे ‘स्टोरेज-लोकेशन’ हा पर्याय दुर्लक्षिण्याजोगा नाही. तो न दिल्यास, पूर्वनियोजन बदललेले नसेल तर, साठवण मूळ डिस्कला जवळच्या बहुप्रादेशिक ठिकाणी होते. मुंबईतील डिस्कचा स्नॅपशॉट अशा रीतीने आशियातील अन्य देशांतील केंद्रांतही जाऊ शकतो. रुग्णांची माहिती देशाबाहेर न नेण्याचे बंधन स्वीकारलेल्या संशोधकाने हा पर्याय स्पष्टपणे भरावा हे बरे. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमध्ये ‘एझेड स्नॅपशॉट क्रिएट’ ही आज्ञा आहे. तेथे सामान्य डिस्कांसाठी ‘इन्क्रिमेंटल’ हा पर्याय सत्य म्हणून दिला नाही, तर प्रत्येक वेळी पूर्ण प्रत निघते. वर दिलेले २४ गिगाबाइटांचे गणित तेथे आपोआप लागू होत नाही.

स्नॅपशॉट घेणे आणि त्यातून माहिती परत मिळणे यांतील अंतर किती मोठे असू शकते, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण गिटलॅब या कंपनीने स्वतःच जाहीर केलेल्या वृत्तान्तात सापडते. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री तेथील एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील डेटाबेसची निर्देशिका पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. चूक ध्यानात येऊन त्याने ती एक-दोन सेकंदांतच थांबविली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी ४.५ गिगाबाइटच उरले होते. यानंतर एकेक सोय तपासण्यात आली. डेटाबेसच्या दैनिक प्रती ठेवण्याची जागा रिकामी निघाली. प्रत काढणारे साधन डेटाबेसच्या ९.६ या आवृत्तीऐवजी ९.२ या आवृत्तीचे असल्यामुळे ते रोज फसत होते, आणि फसल्याची सूचना देणारी ई-पत्रे प्रमाणीकरणाअभावी नाकारली जात होती. ॲझ्युअरचे डिस्क-स्नॅपशॉट फाइल-सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी नव्हते. अखेर उपयोगी पडला तो एक एलव्हीएम-स्नॅपशॉट. सुमारे सहा तासांपूर्वी कोणी तरी चाचणीच्या कामासाठी तो हाताने घेतला होता. चाचणीच्या सर्व्हरवरील मंद डिस्कांवरून मजकूर परत आणण्यातच कित्येक तास गेले. त्या सहा तासांतील किमान ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० अभिप्राय आणि सुमारे ७०० नव्या सभासदांची खाती मात्र कायमची गेली.

या वृत्तान्ताचे वाचन बहुधा ‘प्रती तपासाव्यात’ एवढ्यावर संपते. तपासणे म्हणजे नेमके काय, हे सांगितले जात नाही. ईबीएसमध्ये ‘क्रिएट-व्हॉल्यूम’ या आज्ञेस स्नॅपशॉटचा ओळखक्रमांक व झोन देऊन नवी डिस्क निर्माण करावयाची, ‘अटॅच-व्हॉल्यूम’ने ती वेगळ्या संगणकाला जोडावयाची, माउंट करावयाची, आणि डेटाबेस सुरू करून एखाद्या परिचित तक्त्यातील ओळी मोजावयाच्या, इतके केल्यावरच स्नॅपशॉट तपासला असे म्हणता येईल. नवी डिस्क तत्काळ उपलब्ध होते, परंतु तिचे ब्लॉक प्रथम मागितले जातील तेव्हाच साठ्यातून आणले जातात. त्यामुळे पहिले वाचन कमालीचे संथ असते, आणि ‘पुनःस्थापनेस दहा मिनिटे लागली’ ही नोंद फसवी ठरते. सर्व ब्लॉक ‘डीडी’ने एकदा वाचून काढण्यास लागलेला वेळ हाच खरा वेळ होय. एक्सएफएस ही फाइल-व्यवस्था वापरणारांना आणखी एक अडथळा भेटतो : मूळ डिस्क व तिची प्रत एकाच संगणकाला जोडल्यास दोहोंचा अंतर्गत ओळखांक सारखाच असल्याने दुसरी माउंट होत नाही. माउंट करताना ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय दिला की काम भागते. संकटाच्या रात्री हे प्रथमच कळण्यापेक्षा तालमीच्या दुपारी कळलेले चांगले.

धोका नेहमी चुकीतूनच येतो असेही नाही. कोड स्पेसेस ही प्रोग्रॅमरांचे काम सांभाळणारी कंपनी जून २०१४ मध्ये एका खंडणीखोराच्या हल्ल्यात बंद पडली. हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉन-खात्याच्या नियंत्रणपटावर ताबा मिळवून डिस्कांबरोबर स्नॅपशॉटही पुसले. स्नॅपशॉट मूळ डिस्कपासून भौतिकदृष्ट्या दूर, अनेक केंद्रांत विखुरलेले असतात हे खरे; पण अधिकाराच्या दृष्टीने ते त्याच खात्यात, एकाच किल्लीखाली होते. यावरचा जुना उपाय म्हणजे प्रती वेगळ्या खात्यात, शक्यतो वेगळ्या प्रदेशात, ‘कॉपी-स्नॅपशॉट’ने नेऊन ठेवणे, आणि रोजचा स्नॅपशॉट घेणाऱ्या मालिकेस निर्मितीचा अधिकार देऊन पुसण्याचा न देणे. २०२१ मध्ये पुसलेले स्नॅपशॉट ठराविक मुदतीपर्यंत परत मिळविण्याची ‘रिसायकल बिन’ ही सोय झाली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ठरविलेल्या मुदतीपर्यंत पुसताच न येणारे कुलूप, ‘स्नॅपशॉट लॉक’, उपलब्ध झाले.

सांकेतिक रूपात साठविलेल्या डिस्कांच्या बाबतीत एवढ्यानेही भागत नाही. अशा डिस्कचा स्नॅपशॉट त्याच सांकेतिक किल्लीने बंदिस्त असतो, आणि प्रत दुसऱ्या खात्यात नेताना ती तेथील स्वतंत्र किल्लीने पुन्हा बंदिस्त करून घ्यावी लागते. हे न करता मूळ खात्यातील किल्लीवरच विसंबून राहिल्यास, ती किल्ली नष्ट करण्याची आज्ञा कोणी दिल्यापासून ७ ते ३० दिवसांच्या नेमलेल्या मुदतीत ती रद्द करवून घेता येते. मुदत उलटल्यावर स्नॅपशॉट यादीत पूर्वीसारखाच ‘कम्प्लीटेड’ दिसतो; त्यातील एकही ब्लॉक मात्र कोणालाही वाचता येत नाही.